बिट न् बिट सारखी, तरी माझी वेगळी

आमच्या धंद्यात एक साधा नियम आहे. दोन फायली सारख्या आहेत का हे बघायचं असेल तर त्यांचा चेकसम काढायचा. चेकसम म्हणजे फाइलमधले सगळे शून्य-एक एका सूत्रातून घातल्यावर निघणारा आकडा. दोन्हीकडे तोच आकडा आला की फायली सारख्या. मग एक ठेवायची, दुसरी बिनधास्त उडवायची. यात भावनेचा प्रश्नच येत नाही.

आता असा माणूस डोळ्यासमोर आणा, ज्याच्याकडे एकाच अल्बमच्या चार सीड्या आहेत. त्यातल्या दोघींचा चेकसम तंतोतंत एक. तरी त्यातली एक कपाटात, काचेआड, वेगळ्या प्लास्टिकच्या पिशवीत. दुसरी गाडीत, सीटखाली. का? तर पहिलीवर 'पश्चिम जर्मनीत तयार' असं लिहिलंय. पश्चिम जर्मनी नावाचा देश १९९० सालीच नकाशावरून गेला, पण या माणसाच्या कपाटात तो अजून सुखाने नांदतोय.

जुन्या रेकॉर्ड जमवणाऱ्यांचं एक वेळ समजू शकतं. रेकॉर्ड प्रत्येक वेळी सुईखाली थोडी झिजते. सुरुवातीच्या प्रतींचा आवाज आणि साचा झिजल्यावर निघालेल्या प्रतींचा आवाज यात खरंच फरक पडतो. तिथे 'माझी प्रत वेगळी' म्हणण्यात तथ्य आहे. सीडीने मात्र तो फरकच पुसून टाकला. एका साच्यातून निघालेल्या लाख सीड्यांवर तेच शून्य, तेच एक, त्याच क्रमाने. म्हणजे ज्या दिवशी सीडी बाजारात आली, त्या दिवशी संग्राहक नावाच्या प्राण्याने निवृत्ती घ्यायला हवी होती.

तसं झालं नाही. उलट सीडीच्या काळात हे वेड आणखी वाढलं. ते कसं, त्याची ही गोष्ट. बरीचशी हसण्यासारखी आहे, पण शेवटी हसू जरा आवरावं लागतं.

कायमचा आवाज

मार्च १९७९ मध्ये नेदरलँड्समधल्या आइंडहोवन शहरात फिलिप्स कंपनीने पत्रकारांना एक चकचकीत चकती वाजवून दाखवली. मग जपानची सोनी कंपनी जोडीला आली आणि १९८० साली दोघांनी मिळून नियमावली पक्की केली. तिला 'रेड बुक' म्हणतात. आवाजाचे सेकंदाला ४४,१०० नमुने घ्यायचे, प्रत्येक नमुना १६ बिटांत लिहायचा, डावा आणि उजवा असे दोन चॅनेल ठेवायचे. हे सगळं १२ सेंटिमीटर व्यासाच्या चकतीवर, आतून बाहेर जाणाऱ्या एकाच सर्पिल रेषेत, सूक्ष्म खळग्यांच्या रूपात उमटवायचं. ही रेषा उलगडून सरळ केली तर पाच किलोमीटरहून लांब भरते.

खरी हुशारी होती ती चुका दुरुस्त करण्याच्या सोयीत. रीड-सॉलोमन या गणितामुळे सीडीवर अडीच मिलिमीटरपर्यंत ओरखडा पडला तरी प्लेअर हरवलेले आकडे परत काढू शकतो. हेच गणित तुम्ही रोज वापरता. चहाच्या टपरीवरचा तेलकट, कोपरा फाटलेला क्यूआर कोड तरीही स्कॅन होतो, तो याच्याच जोरावर.

एवढं सगळं हाताशी असल्यावर जाहिरातवाल्यांनी हात आखडता घेतला नाही. 'निर्दोष आवाज, तोही कायमचा' अशा अर्थाची घोषणा देत सीडी विकली गेली. हा 'कायमचा' शब्द लक्षात ठेवा, त्याच्याकडे परत यायचंय.

सीडीच्या जन्माभोवती लगेच दंतकथाही जमल्या. एका सीडीत ७४ मिनिटं का मावतात? तर म्हणे, बीथोव्हनची नववी सिंफनी अखंड मावावी म्हणून. फुर्टव्हेंगलरने १९५१ साली बायरॉइटला वाजवून घेतलेली नववी ७४ मिनिटांची आहे. गोष्ट गोड आहे. पण त्या वेळी फिलिप्समध्ये असलेले अभियंते कीस इमिंक यांनी वेगळंच सांगितलंय. फिलिप्सला साडेअकरा सेंटिमीटरची चकती हवी होती आणि तिच्या पॉलिग्रॅम कंपनीचा कारखाना त्या मापाला तयार होता. सोनीकडे कारखानाच नव्हता. माप १२ सेंटिमीटर झालं आणि फिलिप्सची आघाडी गेली. म्हणजे बीथोव्हनच्या नावावर खपलेला निर्णय मुळात धंद्यातल्या कुरघोडीचा. मधल्या भोकाची गोष्ट तर अजून साधी आहे. त्याचा १५ मिलिमीटर व्यास डच लोकांच्या दहा सेंटच्या नाण्याएवढा आहे.

पहिली कुठली?

संग्राहकाला विचारायचा सगळ्यात धोकादायक प्रश्न म्हणजे 'जगातली पहिली सीडी कुठली?' विचारून बघा, पण हातात वेळ असेल तरच.

एक पक्ष म्हणेल, आब्बा या स्वीडिश गटाचा 'द व्हिजिटर्स'. १७ ऑगस्ट १९८२ रोजी जर्मनीत हानोव्हरजवळच्या लांगेनहागेन कारखान्यातून तो निघाला. दुसरा पक्ष म्हणेल, छे, त्या कारखान्यात यंत्राचं बटण दाबायला पियानोवादक क्लाउडिओ आराउ यांना बोलावलं होतं, तेव्हा पहिला मान त्यांनी वाजवलेल्या शोपँच्या वॉल्ट्झचा. तिसरा म्हणेल, चाचणीसाठी त्याआधीच कारायान यांची रिचर्ड श्ट्राउसची 'आल्पाइन सिंफनी' काढली होती, ती का धरत नाही? चौथा शांतपणे म्हणेल की दुकानात पैसे देऊन मिळते ती सीडी. १ ऑक्टोबर १९८२ रोजी जपानमध्ये सोनीचा सीडीपी-१०१ हा प्लेअर १,६८,००० येनला विक्रीला आला. त्याच्यासोबत ५० सीड्या आल्या आणि त्यात क्रमांक एकवर होता बिली जोएलचा '५२न्ड स्ट्रीट'.

चौघांचंही आपापल्या जागी बरोबर आहे, त्यामुळे या वादाला मरण नाही. मग चौघंही तोडगा काढतात: चारही सीड्या विकत घेतात.

आपला तो बाब्या

प्रती सारख्याच असतील तर फरक आणायचा कुठून? शोधला की सापडतो.

सुरुवातीच्या काळात काही कंपन्यांच्या सीड्यांवर नेमबाजीच्या फळ्यासारखी नक्षी रंगवलेली असायची. त्यांना 'टार्गेट सीडी' असं नाव पडलं आणि तो एक स्वतंत्र पंथ झाला. आवाज आत, नक्षी वर, मधे प्लास्टिक. पण नक्षी पाहिजे.

दुसरा पंथ काळ्या त्रिकोणाचा. जपानमध्ये तोशिबा-ईएमआयने १९८३ साली बीटल्सचा 'ॲबी रोड' सीडीवर काढला आणि पुढे बाजारातून काढून घेतला. बीटल्सच्या सीड्या जगभर अधिकृतपणे यायला १९८७ उजाडलं. त्यामुळे ती जपानी सीडी, जिच्या लेबलवर छोटा काळा त्रिकोण आहे, संग्राहकांची पंढरी झाली.

माझा सगळ्यात आवडता किस्सा निर्वाणाच्या 'नेव्हरमाइंड' या १९९१ च्या अल्बमचा. त्याच्या शेवटी, शेवटचं गाणं संपल्यावर सुमारे दहा मिनिटं शांतता आहे आणि मग एक लपवलेलं गाणं अचानक अंगावर येतं. पण मास्टर बनवताना चूक झाली आणि सुरुवातीच्या काही प्रतींत ते गाणं राहूनच गेलं. आता सांगा, संग्राहकाला कुठली प्रत हवी? अर्थात गाणं नसलेली! आपल्याकडे भाजीवाल्याने कोथिंबीर घालायची राहिली तर आपण परत जाऊन भांडतो. इथे कोथिंबीर नसलेल्या पिशवीला मान आहे.

ही प्रत ओळखायची कशी? सीडी उलटी करा. आतल्या कड्यावर, भोकाच्या बाजूला, बारीक अक्षरांत एक क्रमांक असतो. तो मॅट्रिक्स नंबर. कुठल्या कारखान्यात, कुठल्या साच्यातून ही चकती निघाली याचं ते आधार कार्ड. जुन्या बाजारात एखादा माणूस सीडी तिरकी धरून मोबाइलच्या टॉर्चने तिच्या आत डोकावताना दिसला, तर तो ओरखडे बघत नाहीये. तो कुळ-गोत्र विचारतोय.

यात सगळाच वेडेपणा नाही, हेही सांगायला हवं. एकच अल्बम वेगवेगळ्या वर्षी सीडीवर आला, तर त्यासाठी मूळ टेपवरून नव्याने मास्टर बनवलं जातं आणि तिथे आवाज खरोखर बदलतो. म्हणजे काही सीड्या खऱ्याच वेगळ्या असतात आणि काही फक्त रंगाने. कुठली कुठल्या गटातली हे ठरवायला चेकसम आहे. पण तो काढायला संग्राहक सहसा उत्सुक नसतो. पत्रिका जुळल्यावर कोणी परत ज्योतिषाकडे जात नाही.

हिरवा मार्कर

१९९० च्या सुमारास हौशी मंडळींत एक बातमी पसरली. सीडीच्या कडेला हिरव्या मार्करने रंग दिला तर आवाज सुधारतो. तर्क असा की लेझरचा प्रकाश लाल, तो कडेला आपटून इकडेतिकडे पसरतो, हिरवा रंग त्याला शोषून घेतो. लोकांनी कडा रंगवल्या. खास सीडीसाठीचे हिरवे मार्कर दुकानांत विकायला आले. कोणी म्हणालं, सीडी फ्रीझरमध्ये ठेवून काढा, बास खोल होतो. कोणी गाडीच्या डॅशबोर्डचं पॉलिश फासलं.

प्लेअर वाचतो ते आकडे. आकडे बरोबर वाचले गेले की काम संपलं, आणि चुकले तर दुरुस्तीचं गणित बसलेलंच आहे. हिरव्या रंगाला यात शिरायला जागाच नाही. पण बाइट मोजून कोणाच्या मनाचं समाधान होत नसतं. हा माणूस आपल्या हाताने त्या वस्तूसाठी काहीतरी करू पाहत होता. रेकॉर्ड असताना त्याला काम होतं: ती पुसायची, सुई बदलायची, वजन तोलायचं. सीडीने त्याला बेरोजगार केलं. मग त्याने स्वतःच रोजगार हमी योजना काढली.

तेच परत घ्या

हा माणूस तेच संगीत परत-परत घेतो, हे कंपन्यांच्या ध्यानात यायला वेळ लागला नाही. आधी रेकॉर्ड घेतली, मग कॅसेट, मग सीडी. आता काय? मग सोन्याचा थर दिलेली सीडी आली. नव्याने मास्टर केलेली आली. १९९९ मध्ये एसएसीडी आली, २००८ च्या सुमारास जपानमध्ये वेगळ्या प्लास्टिकची एसएचएम-सीडी आली. शून्य-एक तेच असले तरी प्लास्टिक जास्त पारदर्शक.

जपानी सीड्यांची तर वेगळीच शान. पाठीच्या बाजूला कागदाची एक उभी पट्टी गुंडाळलेली असते, तिला 'ओबी' म्हणतात. ओबी म्हणजे किमोनोवर बांधायचा कमरपट्टा. दुकानदारासाठी छापलेली ती किंमतपट्टी. पण ती हरवली तर सीडीची किंमत घसरते. शिवाय जपानमध्ये स्थानिक सीडी महाग आणि परदेशातून आलेली स्वस्त, अशी पंचाईत होती. लोकांनी स्थानिक प्रत घ्यावी म्हणून कंपन्या तिच्यात एखादं जास्तीचं गाणं घालू लागल्या. त्या एका गाण्यासाठी अमेरिकेतले चाहते जपानची सीडी मागवू लागले. अमेरिकेत १९९३ पर्यंत सीडी फूटभर लांब पुठ्ठ्याच्या खोक्यात मिळायची, कारण दुकानांतले कप्पे रेकॉर्डच्या मापाचे होते. लोक घरी आल्यावर ते खोकं फेकून द्यायचे. त्यामुळे आज न फेकलेलं खोकं दुर्मीळ आहे.

मग आले बॉक्स सेट. मोत्सार्टच्या मृत्यूला २२५ वर्षं झाली म्हणून २०१६ साली २०० सीड्यांचा संच निघाला. बाखच्या जन्माला ३३३ वर्षं झाली म्हणून २०१८ मध्ये २२२ सीड्यांचा. ३३३ हा काही शतकमहोत्सव नव्हे, पण आकडा सुंदर आहे आणि संग्राहकाला तेवढं पुरतं. ग्रेटफुल डेड या अमेरिकन गटाने १९७२ च्या युरोप दौऱ्यातल्या सगळ्याच्या सगळ्या २२ मैफिली २०११ मध्ये ७३ सीड्यांत काढल्या. तीच गाणी, रोज रात्री, दुसऱ्या गावात. ७,२०० संच होते. चार दिवसांच्या आत संपले.

जरा हिशेब करू. नेहमीच्या प्लास्टिक डबीची जाडी एक सेंटिमीटर. हजार सीड्या म्हणजे दहा मीटर फळी. मुंबईतल्या वन बीएचकेत दहा मीटर फळी म्हणजे एका माणसाचा संसार. आणि ३,००० सीड्या असतील तर रोज एक याप्रमाणे सगळ्या एकदा ऐकायला आठ वर्षांहून जास्त लागतात. तोवर नव्या किती येतील हे विचारू नये.

मांडायच्या कशा, हे आणखी एक दुखणं. इंग्रजी नावं आडनावाने लावता येतात. आपल्याकडे? भीमसेन जोशी 'भ'मध्ये की 'ज'मध्ये? कुमार गंधर्व 'क'मध्ये की 'ग'मध्ये? त्यांचं मूळ नाव शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकली, मग 'श'ने काय पाप केलं? जुगलबंदी असेल तर कोणाच्या खाली? चित्रपटगीतांत संगीतकार धरायचा, गायक की सिनेमा? एका रविवारी सुटेल असा हा प्रश्न नाही, आणि तेच बरं आहे. पुढच्या रविवारी काय करायचं, हा प्रश्न त्यातूनच सुटतो.

प्लेअर नाही, सीडी आहे

हे सगळं काकालोकांचं खूळ आहे असं वाटत असेल, तर तुमच्या ओळखीतल्या बीटीएसच्या चाहतीला विचारा. के-पॉपच्या सीडीत गटातल्या एखाद्या कलाकाराचं फोटोकार्ड असतं. कोणाचं निघेल हे पाकीट फोडल्याशिवाय कळत नाही. आवडता कलाकार निघेपर्यंत तीच सीडी परत घ्यायची, किंवा अदलाबदल करायची. घरात सीडी प्लेअर असायची अट नाही. गाणी फोनवर आहेतच.

जपानच्या एकेबी४८ या गायिका-गटाने २००९ पासून निवडणूकच घ्यायला सुरुवात केली. सीडीसोबत मतपत्रिका, जितक्या सीड्या तितकी मतं. चाहत्यांनी तीच सीडी शेकड्यांनी घेतली. मतं काढून घेतल्यावर उरलेल्या प्लास्टिकचं करायचं काय, हा प्रश्न इतका चिघळला की २०१७ मध्ये असा ढीग डोंगरात टाकणाऱ्या एकावर पोलिसांनी कारवाई केली.

गंमत बघा. १९८२ मध्ये अभियंत्यांनी प्रत्येक प्रत सारखी करून दाखवली. मग संग्राहकांनी तीस वर्षं खपून त्यात फरक शोधले. शेवटी कंपन्यांनी हात टेकले आणि फरक कारखान्यातच आत घालून द्यायला सुरुवात केली.

या वाटेचं शेवटचं टोकही येऊन गेलंय. वू-टँग क्लॅन या रॅप गटाने 'वन्स अपॉन अ टाइम इन शाओलिन' या अल्बमची एकच प्रत काढली. दोन सीड्या, चांदीच्या पेटीत. २०१५ मध्ये ती वीस लाख डॉलरला गेली. करार असा की २१०३ सालापर्यंत त्यातलं संगीत व्यापारी तत्त्वावर प्रसिद्ध करायचं नाही. घेणारे मार्टिन श्क्रेली पुढे फसवणुकीच्या गुन्ह्यात दोषी ठरले आणि अमेरिकी सरकारने ती सीडीच जप्त केली. जगातली सगळ्यात दुर्मीळ सीडी काही काळ सरकारी मुद्देमाल होती.

आपल्याकडे

भारतात सीडी श्रीमंताघरची पाहुणी म्हणून आली. आपण कॅसेटवाले. सीडी आपल्या गळी उतरली ती एमपीथ्री झाल्यावर. रेड बुकप्रमाणे ७४ मिनिटं मावतात त्या चकतीवर फुटपाथवरच्या माणसाने दीडशे गाणी कोंबून दाखवली. रफी, किशोर, भक्तिगीतं आणि लग्नाची गाणी, एकाच चकतीत. संग्राहक एका गाण्यासाठी चार सीड्या घेतो, आपण एका सीडीत चार पिढ्या बसवल्या. दोन्ही टोकांचे लोक एकमेकांना वेडे समजतात.

तरी इथेही खरे भाविक होते. मुंबईत काळा घोड्याला ऱ्हिदम हाऊसमध्ये केबिनमध्ये उभं राहून ऐकता यायचं आणि मग घ्यायचं की नाही ते ठरवता यायचं. २०१६ मध्ये ते दुकान बंद झालं. आणि त्याच मुंबईत १९९० साली जुन्या रेकॉर्ड जमवणाऱ्यांनी 'सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स' ही संस्था काढली होती. सीडी ऐन भरात येत असताना हे लोक लाखेच्या तबकड्यांच्या याद्या करत होते. वरातीमागून घोडं, असं तेव्हा कोणीही म्हटलं असतं.

याद्या करणारे लोक

आता हसू आवरायची जागा आली.

रेड बुक लिहिणाऱ्यांनी ४४,१०० नमुन्यांचा विचार केला, पण गाण्याचं नाव सीडीवर लिहायची सोय ठेवली नाही. म्हणून जुनी सीडी कॉम्प्युटरमध्ये घातली की 'ट्रॅक १, ट्रॅक २' एवढंच दिसायचं. १९९० च्या दशकात यावर एक देशी उपाय निघाला. सीडीवरचं प्रत्येक गाणं कितव्या सेकंदाला सुरू होतं यावरून तिचा ओळख क्रमांक बनवायचा आणि नावं लोकांनी स्वतः टाइप करून एका सामाईक यादीत भरायची. ती सीडीडीबी. जगभरच्या हौशी लोकांनी फुकट, रात्री जागून, स्पेलिंगवरून भांडत, लाखो गाण्यांची नावं भरली. पुढे ती यादी कंपनीच्या मालकीची झाली, तिचं ग्रेसनोट झालं आणि २००८ मध्ये सोनीने ते विकत घेतलं. नावं भरणाऱ्यांना त्यातलं काही मिळालं नाही.

चिडलेल्यांनी परत खुल्या याद्या सुरू केल्या. म्युझिकब्रेन्झ त्यातूनच आलं. २००० साली केव्हिन लेवांडोव्स्की या प्रोग्रामरने डिस्कॉग्ज सुरू केलं. आज कुठला अल्बम कुठल्या देशात, कुठल्या वर्षी, कुठल्या कारखान्यातून, कुठल्या मॅट्रिक्स नंबरने निघाला, हे शोधायचं तर जग तिथे जातं. टॉर्च मारून बघितलेले ते क्रमांक शेवटी तिथे जाऊन बसले. मी पोटापाण्यासाठी डेटाबेस बघतो. पगारी माणसांकडून इतक्या बारकाईने डेटा भरून घेणं किती अवघड असतं, ते मला ठाऊक आहे.

आता तो 'कायमचा' शब्द. १९८८ ते १९९३ या काळात इंग्लंडमधल्या ब्लॅकबर्नच्या एका कारखान्यात बनलेल्या बऱ्याच सीड्या पुढे तांबूस पडू लागल्या आणि वाजेनाशा झाल्या. वरच्या लॅकरची कागदातल्या गंधकाशी प्रक्रिया होऊन आतला धातू खराब होत होता. हे आधी कोणाच्या ध्यानात आलं? जे लोक न ऐकलेल्या सीड्याही अधूनमधून काढून, पुसून, उजेडात धरून बघत होते त्यांच्या.

दुसरी गोष्ट आवाजाची. १९९० नंतर गाणी जास्तीत जास्त मोठ्या आवाजात मास्टर करायची चढाओढ लागली. हळू आणि मोठा यातला फरकच चेपून टाकला गेला. मेटॅलिकाचा 'डेथ मॅग्नेटिक' २००८ मध्ये आला तेव्हा चाहत्यांना दिसलं की 'गिटार हिरो' या व्हिडिओ गेममधली तीच गाणी सीडीपेक्षा कमी चेपलेली आहेत. आज ॲपवर एखादा जुना अल्बम लावलात तर बऱ्याचदा त्याची नवी आवृत्तीच वाजते. १९८५ साली तो कसा ऐकू यायचा याचा पुरावा ॲपवर असेलच असं नाही. तो त्या काचेआडच्या प्लास्टिकच्या पिशवीत आहे.

तिसरी गोष्ट आगीची. १ जून २००८ रोजी हॉलिवूडमध्ये युनिव्हर्सल स्टुडिओच्या आवारात आग लागली आणि तिथल्या कोठारातल्या मूळ टेप्स जळाल्या. नुकसान किती यावर वाद आहे. पण ते किती मोठं असू शकतं हे सामान्य लोकांना कळायला २०१९ साल उजाडावं लागलं. मूळ प्रत एकाच जागी ठेवली की असं होतं.

आमच्याकडे बॅकअपचा नियम आहे: तीन प्रती, दोन वेगवेगळ्या माध्यमांवर, एक दुसऱ्या जागी. मोठमोठ्या कंपन्या तो पाळायला चुकतात. संग्राहक मात्र तो न शिकता पाळतात. चार प्रती आहेत, रेकॉर्ड आणि सीडी अशी दोन माध्यमं आहेत, आणि एक गाडीत सीटखाली आहे. हेतू बॅकअपचा नसतो. हेतू बहुतेक वेळा हावच असते, किंवा रविवार घालवायचा असतो, किंवा शेजारच्या गल्लीतल्या दुसऱ्या संग्राहकाला जळवायचं असतं. पण डिस्कवर हेतू लिहिला जात नाही, फक्त बिट लिहिले जातात.

उलट बाजूचं उदाहरण आपल्या घरातलं आहे. भारतातला पहिला बोलपट 'आलम आरा' १४ मार्च १९३१ रोजी मुंबईत मॅजेस्टिक सिनेमात लागला. त्यात सात गाणी होती. त्यांच्या तबकड्या निघाल्याच नाहीत आणि चित्रपटाची प्रतही आज कुठे उरलेली नाही. मुंबईत तेव्हाही हौशी लोक होतेच. पण घरी नेण्यासारखी वस्तूच नव्हती, म्हणून एकाही कपाटात ती गाणी राहिली नाहीत. हिंदी सिनेमातलं पहिलं गाणं कसं वाजलं असेल, हे आता कोणालाच ऐकता येणार नाही.

तेव्हा तुमच्या घरात असा एखादा माणूस असेल, ज्याच्यामुळे दिवाळीची साफसफाई दरवर्षी एका कपाटापाशी अडते, तर रद्दीवाल्याला फोन करण्याआधी थांबा. सीडी ड्राइव्ह जोडा. सीड्यांची कॉपी काढून ठेवा, चेकसमसकट. कुठली प्रत कुठून आली हे त्यांनाच विचारून एका शीटमध्ये भरून घ्या, कारण ते फक्त त्यांच्या डोक्यात आहे आणि त्याचा बॅकअप नाही. आणि त्यांनी 'ही बघ, ही पश्चिम जर्मनीची' म्हणून सुरुवात केली, तर आधी चहा टाका. वेळ लागेल.